डभोईच्या खुंट्या

एकाच शिवारात दर महिन्याला, सात वर्षं जात राहिलं की आकड्यांपेक्षा किस्सेच जास्त साठतात. आकडे ऑफिसात जमा केले. किस्से अजून माझ्याकडेच आहेत.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. कालवा आल्यापासून डभोईकडच्या जमिनीखालचा खार विहिरींकडे सरकतोय का, हे बघायचं काम केळकर सरांकडे होतं. मी त्यांची असिस्टंट. लोखंडी खुंट्या रोवायच्या, त्यांतून करंट सोडायचा, मीटर वाचायचा. खारं पाणी करंट सहज जाऊ देतं, गोडं पाणी अडवतं. खुंट्यांची जागा मात्र कधीच बदलायची नाही.

*

एकदा बडोद्याहून मोठे साहेब पाहणीला आले. तेच तेच परत काय मोजता, असं त्यांचं म्हणणं.

सर शांतपणे म्हणाले, “तुमच्या घरी ताप एकदाच मोजतात का?”

साहेब चहा संपवून गेले. पुढच्या वर्षाची मंजुरी मात्र आली.

*

एका महिन्यात एक खुंटी गायब. दोन शेतं पलीकडे सापडली, तिला म्हैस बांधलेली! सर चिडले नाहीत. जागा का बदलायची नाही, हे त्यांनी मालकाला अर्धा तास समजावलं. त्याला पटलं. त्याने खुंटी स्वतः आणून जुन्या जागी ठोकली आणि म्हैस तिथे बांधली.

*

मी तेव्हा नवी, नागपूरहून आलेली. विहिरींची चौकशी माझ्याकडे होती. जो तो सांगे, “पाणी मीठुं छे.” मी अकरा विहिरींपुढे ‘खारट’ लिहिलं.

सरांनी वही वाचली आणि मला त्यातल्या एका विहिरीचं पाणी प्यायला लावलं. गुजरातीत मिठालाही मीठुं म्हणतात आणि गोडालाही, हे मला त्या घोटाबरोबर कळलं.

*

जशीबांची विहीर आमच्या शेवटच्या खुंटीपासून वीस पावलांवर. म्हातारी एकटीच राहायची. सातव्या वर्षी खार त्या खुंटीपर्यंत पोचला. सरांनी तिच्या ओट्यावर बसून सगळं नीट सांगितलं. त्याच महिन्यात प्रोजेक्ट बंद झाल्याचं पत्र आलं.

निरोप घ्यायला गेलो तेव्हा जशीबांनी विचारलं, “आता तुम्ही येणार नाही, म्हणजे खार थांबला ना?”

 

पुढच्या महिन्यात, मोजणीच्या ठरलेल्या दिवशी, मी सहज त्यांच्या घरी गेले. मशीन तर ऑफिसात कुलपात होतं.

काकूंनी दार उघडलं. म्हणाल्या, “सकाळीच डभोईच्या बसने गेलेत. रिकामी बाटली घेऊन.”