चादरीआडून ऐकलेले चार स्पीकर

माझ्या वडिलांचे दोन स्पीकर कमरेइतके उंच, सागवानी आणि भलतेच जड. कारखान्याच्या क्वार्टरमधून आम्ही याच हिंदी शहराच्या कडेला, मिसरोदच्या या फ्लॅटमध्ये आलो तेव्हा हमालांनी फ्रिज हसत हसत वर चढवला आणि स्पीकरपाशी येऊन एकमेकांची तोंडं पाहिली. एकाने विचारलंच, "बाबूजी, इसमें क्या भर रक्खा है?"

बाबा म्हणाले, "गादी."

हमालाला वाटलं म्हातारा चेष्टा करतोय. पण ते अक्षरशः खरं होतं. पेटीच्या आत आवाज घुमू नये म्हणून कापूस भरायचा असतो आणि बाबांनी तो आईच्या माहेरून आलेल्या गादीतून काढला होता. आईला कळलं तेव्हा दोन दिवस घरात अबोला होता. तिसऱ्या दिवशी स्पीकर पहिल्यांदा लागले. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "इतकी वर्षं हिच्यावर झोपले, गाते हे माहीत नव्हतं."

हे स्पीकर दोघांनी मिळून बनवले. बाबा कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात होते. त्यांनी नकाशा काढला. पॅटर्न शॉपमधल्या मिस्त्रीकाकांनी सुट्टीच्या दिवशी, स्वतःच्या घराच्या ओसरीत, पेट्या घडवल्या. पॅटर्न शॉप म्हणजे जिथे लोखंडाच्या ओतकामासाठी आधी लाकडाचा हुबेहूब नमुना करतात ती जागा. तिथे केसाएवढा फरक पडला तरी चालत नाही. मिस्त्रीकाका नागपूरकडचे. ते बाबांना "साहेब" म्हणत, पण असं की ऐकणाऱ्याला ती शिवी वाटावी.

मी लहानपणापासून या स्पीकरचं कीर्तन ऐकत आलो आहे. पाहुणा आला की बाबा त्याला हॉलच्या मधोमध खुर्चीवर बसवत, रेकॉर्ड लावत आणि विचारत, "सांगा, बाई कुठे बसून गातायत?" पाहुणा इकडेतिकडे बघे. आवाज भिंतींतून येई, छतातून येई, मागच्या कपाटातूनही आल्यासारखा वाटे. "नाही सांगता येत," पाहुणा कबूल करी. "नाहीच येणार!" बाबा विजयी मुद्रेने म्हणत. "हेच तर यश आहे. आवाज घरभर!"

आणि तो खरोखर सुंदर होता, हे मला अगदी मनापासून सांगितलं पाहिजे. मोठ्या कागदी पडद्यातून येणारा आवाज, त्याला एक ऊब, एक ऐसपैस बैठक. छोट्याशा ॲम्प्लिफायरवर अख्खी चाळ ऐकू शकेल एवढी ताकद. फक्त खर्ज जरा कमी. म्हणून बाबांनी बेसचं बटण कायम शेवटच्या आकड्यावर फिरवून ठेवलेलं असे आणि त्याला हात लावायची कोणाची टाप नव्हती.

अशा घरात गेल्या वर्षी मी एक पाप केलं. नवे स्पीकर आणले.

ते बुटाच्या खोक्यापेक्षा थोडेच मोठे. एका हातात एक, दुसऱ्या हातात दुसरा, असे मी त्यांना लिफ्टमधून वर आणले, तेव्हा बाबा दारातच उभे होते. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला. "हे कशाचं? पोह्यांचं पॅकिंग का?"

पण हे पॅकिंग वाजायला लागलं आणि मी खुर्चीला चिकटलो. गाणारी बाई तान घेण्याआधी श्वास घेते, तो ऐकू आला. तानपुऱ्याच्या चार तारा चार वेगळ्या बायकांसारख्या ऐकू आल्या. आणि एवढ्याशा खोक्यातून डग्गा असा घुमला की मी खाली वाकून, कोणी टेबलाखाली बसलंय का, ते पाहिलं. पाच इंची पडदा आतबाहेर असा हलत होता की जणू त्याला दमा आहे.

आमच्या हिने दोन आठवडे हे चार स्पीकर सहन केले. मग एका संध्याकाळी, जेवताना, तिने हुकूम सोडला. "या हॉलमध्ये एकच जोडी राहील. चालायला जागा नाही. कोणती ठेवायची ते तुम्ही बापलेक ठरवा. मला सांगा, मी झाडू मारते."

बाबांनी भाताचा घास खाली ठेवला. "कानांनी ठरवू. डोळ्यांनी नाही. हरलो तर माझे स्पीकर मी स्वतः बाहेर काढीन."

बाबांचा शब्द म्हणजे काय ते घरात सगळ्यांना माहीत आहे. कॉलेजात असताना मी पत्त्यांत एकदा लबाडी केली आणि ते म्हणाले, "तुझ्याशी पुन्हा पत्ते खेळणार नाही." मी आता पन्नाशी ओलांडली आहे. अजून खेळलेले नाहीत.

रविवारी सकाळी सामना ठरला. पंच म्हणून मिस्त्रीकाकांना बोलावलं. ते अशोका गार्डन वस्तीतून रिक्षाने आले. येताना सगळ्यांसाठी पोहे-जिलबी आणली आणि दारातूनच ओरडले, "काय साहेब, पोरानं तुमाले घराबाहेर काढाले घेतलं म्हनते!"

"मला नाही. आपल्या पेट्यांना."

जिलबीचा पुडा टेबलावर ठेवून काका पेट्यांपाशी गेले आणि सागवानावरून बोटं फिरवली. तेव्हा मला कळलं, की मी फक्त वडिलांना नाही, दोघांना कोर्टात उभं केलंय.

हॉलच्या मधोमध दोरी बांधून मी मोठी चादर टांगली. तिच्यामागे चारही स्पीकर. बाबांच्या जुन्या ॲम्प्लिफायरला दोन जोड्यांसाठी एक बटण आहे, ते फिरवलं की या जोडीवरून त्या जोडीवर. नव्यांना आवाज जरा जास्त द्यावा लागतो, म्हणून माझ्या मुलीने फोनवर आवाज मोजून व्हॉल्यूमच्या बटणाशेजारी पेन्सिलीने दोन खुणा केल्या. आता, जो आवाज किंचित मोठा तो लोकांना जास्त चांगला वाटतो, हे मी कुठेतरी वाचलं होतं. मुलगी पाणी प्यायला गेली तेव्हा मी नव्यांची खूण अगदी एक केस पुढे सरकवली.

ती परत आली आणि तिने खोडरबर काढलं. "पप्पा. चीटिंग."

"कुठे?"

"आजोबा, पप्पा चीटिंग कर रहे हैं!"

"मला आश्चर्य नाही," चादरीपलीकडून बाबा म्हणाले. "त्याच्याशी मी पत्तेही खेळत नाही."

शेवटी मला चादरीमागून हाकलून मुलीला तिथे बसवलं. बाबा आणि काका खुर्च्यांवर, डोळे मिटून. ही स्वयंपाकघराच्या दारात, आईच्याच जागी. बाबांची आवडती रेकॉर्ड लागली. आधी एक जोडी, मग दुसरी. पुन्हा पहिली. पुन्हा दुसरी. मी दोघा म्हाताऱ्यांकडे बघत होतो. दुसरी जोडी आली की दोघांच्या कपाळावरच्या आठ्या जात.

तिसऱ्या वेळी बाबांनी हात वर केला. "ही! ही माझी. ऐक, लाकूड बोलतंय! आईची गादी बोलतेय!"

"बराबर," काका म्हणाले. "हे आपलंच काम आहे साहेब. हा डग्गा पाहा ना. असं काम आता होत नाही."

मुलीने चादर ओढली. ॲम्प्लिफायरचं बटण नव्या जोडीवर होतं.

मला जिंकायचं होतं. एवढं जिंकायचं होतं की मी पेन्सिलीची खूणही सरकवली होती. आणि जिंकल्यावर मला त्या खोलीत तोंड लपवायला जागा सापडेना. बाबा उठले, आत गेले आणि पायजम्यावरच बाहेर जायचा शर्ट चढवून आले. "टेम्पोवाल्याला फोन कर," ते म्हणाले. "शब्द दिलाय."

"बाबा, अहो, खेळ होता तो," ही म्हणाली.

"खेळच होता. हरलो."

काका मात्र उठून पेट्यांच्या मागे गेले होते. रुसलेल्या मुलाच्या पाठीवरून फिरवावा तसा त्यांचा हात पेटीच्या पाठीवर फिरत होता. माझी मुलगी शेजारी उकिडवी बसली. "काका, नव्यांना मागे एक लाल आणि एक काळा स्क्रू आहे. तुमच्या दोन्ही पितळी. मग कुठली वायर कुठे, हे कसं कळतं?"

"त्यात काय कळाचं? डावी वायर डाव्या स्क्रूले, उजवी उजव्याले. साहेबानंच लावली."

"आणि आतून?"

"आतून लाल वायर बाहेरच्या अंगाच्या स्क्रूले."

"दोन्ही पेट्यांत?"

"हो ना बाप्पा. साहेबाचा नकाशा एकाच पेटीचा होता. खाली लिवलं होतं, दुसरी पेटी आरशातली. मंग मी आरशातलीच केली. मागचं झाकन, जाळी, स्क्रू, सारंच उलटं. एक सूत इकडंतिकडं नाही."

मुलीने टीव्हीच्या रिमोटमधला पेन्सिल सेल काढला, पेट्यांच्या वायरी ॲम्प्लिफायरमधून सोडवल्या आणि एका पेटीच्या दोन वायरी सेलला टेकवल्या. कागदी पडदा टक् करून बाहेर आला. तिने दुसऱ्या पेटीलाही तसंच केलं, डावी वायर त्याच टोकाला. पडदा टक् करून आत गेला.

पुन्हा केलं. एक बाहेर, एक आत.

ड्रॉइंग ऑफिसात उभं आयुष्य घालवलेल्या माणसाला याहून जास्त सांगावं लागत नाही. बाबा खाली फरशीवर बसले. "म्हणजे एक ढकलत होता तेव्हा दुसरा ओढत होता," ते हळूच म्हणाले. "इतकी वर्षं. खर्ज एकमेकांना खात बसला. म्हणून बाई कुठे बसल्यात ते कळत नव्हतं."

इतक्या पाहुण्यांना खुर्चीत बसवून ज्या चमत्काराचं कौतुक करवून घेतलं, तो चमत्कार म्हणजे एक उलटी जोडलेली वायर होती. मी हसू दाबायला तोंडात जिलबी कोंबली. उपयोग झाला नाही.

"हस," बाबा म्हणाले. "नकाशा माझा होता. स्क्रूंचं काय करायचं, ते मी लिहिलं नाही."

"आन् मी इचारलं नाही," काका म्हणाले. "ओतकामाची सवय. डावं म्हटलं का उजवंही करून टाकाचं."

मुलीने एका पेटीच्या दोन वायरींची अदलाबदल केली, रेकॉर्डची सुई पुन्हा सुरुवातीला ठेवली आणि बटण फिरवलं. बेसचं बटण शेवटच्या आकड्यावरच आहे हे आम्ही कोणीही लक्षात घेतलं नाही.

पहिल्याच समेवर स्वयंपाकघरातले स्टीलचे डबे थरथरले. फ्रिजवरचा चहाचा चमचा नाचत नाचत खाली पडला. ही धावत गेली. बाबांनी घाईघाईने बटण मागे घेतलं, अर्ध्यावर, मग आणखी थोडं. आणि मग ती बाई आली. आमच्या शोकेसच्या बरोबर समोर, दोन पेट्यांच्या मधे, मांडी घालून बसली. उजव्या हाताला तबला, मागे तानपुरा. छातीपासूनचा आवाज, सागवानासारखा भरीव. नव्यांचा आवाज अजूनही जास्त स्वच्छ होता. श्वास, तारा, जिभेचा स्पर्श, हे सगळं त्यांचंच. पण या पेट्यांत बाईला उंची होती, वजन होतं, सावली होती. मी तुलना करणं सोडून दिलं.

रेकॉर्डची बाजू संपली. कोणी उठलं नाही.

"आता हे राहतील," मी म्हणालो. "सामना रद्द. एक पाय बांधून पळवलं होतं यांना."

"हरले ते हरले," बाबा म्हणाले. "डोळे मिटून मी दुसऱ्याला हात वर केला. सूनबाईंनी नियम सांगितलाय, एकच जोडी."

"मी नियम मागे घेते ना बाबा," ही म्हणाली.

"मी शब्द मागे घेत नाही." मग ते काकांकडे वळले. "मिस्त्री, तू हे स्पीकर नीट कधी ऐकले होतेस?"

"कवा ऐकू? आलो का तुमी बोलून राहायचे. बाई कुठं बसली, बाई कुठं बसली."

"मग घेऊन जा. ज्याने घडवले त्याने ऐकावेत."

काका आधी नाही म्हणाले, मग जागा नाही म्हणाले, मग गाडीचा आवाज येते म्हणाले. त्यांचं घर रेल्वे लाइनला लागून आहे. तोपर्यंत बाबांनीच बोलावलेला टेम्पो खाली आला होता. बाबा स्वतः मागे चढले, दोन पेट्यांच्या मधे, एकेक हात दोघींच्या खांद्यावर टाकून. मी पुढे बसलो. ड्रायव्हरने आरशातून पाहिलं आणि हळू चालवली.

ॲम्प्लिफायर आणि रेकॉर्ड प्लेअरही बाबांनी देऊन टाकले. वायरी त्यांनी स्वतः जोडल्या, सेल लावून दोनदा तपासून. आमच्याकडे आता नवे स्पीकर मुलीच्या छोट्या ॲम्प्लिफायरवर फोनवरून वाजतात. रोज संध्याकाळी बाबा त्यांच्यासमोर बसतात. "खोटं बोलत नाहीत," असं मागच्या महिन्यात म्हणाले. त्यांच्या तोंडून हे म्हणजे पद्मश्रीच.

फक्त रेकॉर्डी त्यांनी काकांना दिल्या नाहीत. एकही नाही. सगळ्या आमच्या कपाटात आहेत. मला वाटलं विसरले. मी आठवण करून दिली तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मला खूण सरकवतानाचा माझा स्वतःचा चेहरा ओळखू आला.

"त्याच्याकडे रेकॉर्डी असल्या, तर तो मला कशाला बोलावेल?" ते म्हणाले.

दर रविवारी नवाच्या सुमारास फोन वाजतो. मी उचलतो. पलीकडून काका विचारतात, "निघाले का साहेब? का मी पेट्या पुसून पुसून झिजवू?" आणि बाबा पिशवीत चार रेकॉर्डी घालून, बूट चढवून, अर्ध्या तासापासून दारात उभे असतात.