मोजणीबाईचा अंगठा

त्वचारोग विभागात तिला सगळे मोजणीबाई म्हणत. अठरा वर्षं तिचं एकच काम. दाह झालेल्या कातडीखाली रक्त किती जोरात वाहतंय ते मोजायचं. पेन्सिलीएवढी दांडी कातडीवर टेकवली की तिच्या टोकातून लाल उजेड आत जाई, वाहत्या रक्ताला धडकून परत येई आणि पडद्यावर आकडा उमटे. शांत कातडीचा तीस-चाळीस, पेटलेल्या कातडीचा दोनशेच्या घरात. शिकायला येणाऱ्या पोरींना ती पहिल्याच दिवशी बजावी, "माशी बसते तसं टेकवायचं. दाबलंत तर खालचं रक्त बाजूला पळतं आणि आकडा पडतो. मग यंत्राच्या नावानं बोटं मोडायची नाहीत."

घरी मात्र दिव्याखाली अंधार. सोळा वर्षांच्या लेकीच्या दोन्ही हातांना कोपरापासून मनगटापर्यंत इसब. सासूबाई म्हणायच्या, "जगाची कातडी मोजतेस, आणि घरची पोर सोलून निघाली." लेकीच्या चादरीवरचे रक्ताचे ठिपके चोळता चोळता तिने साबण बदलले, लोकर बंद केली, दूध बंद केलं. ठिपके काही कमी झाले नाहीत.

आता नवं मलम चालू होतं. मोठ्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, "सहा आठवड्यांत आकडा निम्म्यावर आला तर मलमच ठेवू. नाही आला, तर गोळ्या." त्या गोळ्यांनी यकृत बिघडू शकतं. गेल्याच वर्षी त्या घेणारी एक शिक्षिका पिवळीधमक होऊन वॉर्डात पडलेली तिने पाहिली होती. तेव्हापासून तिने गोळ्यांचं नाव घरात काढलं नव्हतं.

पहिल्या दिवशी आकडा होता एकशे नव्वद. आज सहा आठवडे पुरे झाले.

"दुसऱ्या कोणाला मोजायला सांगू का?" डॉक्टरांनी विचारलं.

"नको सर. परका हात लागला की ती आखडते."

मोजण्याआधी वीस मिनिटं निजून राहायचं, हलायचं नाही, खाजवायचं नाही, असा नियम. लेक छताकडे बघत पडली होती.

"आई, नाक तरी खाजवू?"

"नाक चालेल."

"यंत्राला सांगू नकोस हं."

तिने दांडी टेकवली. एकशे ऐंशी. उतर बाबा, उतर, ती मनात घोकत राहिली. आणि आकडा खरंच उतरू लागला. दीडशे. एकशे वीस. अठ्ठ्याऐंशीवर येऊन ठरला. दारातून डॉक्टरांनी विचारलं, "किती?"

"अठ्ठ्याऐंशी."

"वा. म्हणजे मलम लागू पडलं." ते कागद करायला आपल्या खोलीत गेले.

तिने दांडी उचलली. लालभडक कातडीवर बटणाएवढा फिकट, खोलगट गोल उठला होता. बघता बघता तो पुन्हा भरून लाल झाला. असा गोल दिसला की ती शिकाऊ पोरींना फैलावर घेई. दांडी दाबणारा तिचा अंगठा अजून ताठच होता.

बोलली नसती तर कोणाला कळणार होतं? कागदावर अठ्ठ्याऐंशी, गोळ्या टळल्या.

लेक हाताकडे बघत होती. "आई, म्हणजे बरं झाल्यावरही ही खाज अशीच राहणार? रात्रभर?"

तिने पडदा पुन्हा शून्यावर आणला. मग म्हणाली, "पड परत. वीस मिनिटं."

"का? मी हलले का?"

"तू नाही."

दुसऱ्या वेळी तिने कोपर उशीवर टेकवलं, श्वास रोखला, दांडी नुसती ठेवली. एकशे चौऱ्याऐंशी. ती थांबली. आणखी थांबली. आकडा जागचा हलला नाही.

तिने तो लिहिला आणि डॉक्टरांसमोर कागद ठेवला. "सर, मघाचा आकडा माझ्या अंगठ्याचा होता. हा तिचा."

डॉक्टरांनी आधी तिच्याकडे, मग कागदाकडे पाहिलं. आपल्या कागदावरच्या अठ्ठ्याऐंशीवर रेघ मारली आणि गोळ्यांचं नाव लिहिलं.

"यकृताची तपासणी?" तिने विचारलं.

"दर पंधरा दिवसांनी. बाई, बघू आपण."

ती खोलीत परतली तेव्हा लेक तशीच पडून होती, हात अंगापासून लांब धरून.

"झालं? आता खाजवू?"

जन्मात तिने या प्रश्नाला हो म्हटलं नव्हतं. ती शेजारी बसली, लेकीचा हात मांडीवर घेतला आणि नखं न लावता, बोटांच्या पेरांनी हळूहळू स्वतःच खाजवू लागली.