आइस्क्रीमच्या पॉटातले पाणी

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात, घनसावंगी तालुक्यातल्या एका शेतात, लग्नाच्या दुपारी माझ्या धाकट्या मामांनी थोरल्या मामांना आइस्क्रीमच्या पॉटच्या लोखंडी दांड्याने मारले. पहिला घाव जबड्यावर बसला, दुसरा आडव्या धरलेल्या हातावर. जबडा आणि मनगट दोन्ही मोडले.

लग्न थोरल्या मामांच्या मुलीचे होते. मांडव त्यांच्याच शेतात, बांधाला लागून होता. बांधापलीकडे धाकट्या मामांची मोसंबीची बाग. त्याच बांधावरून दोघा भावांचे बोलणे बंद होते; माझ्या आईने मध्ये पडून धाकट्यांना लग्नाला आणले होते. त्यांची विहीर आटली होती आणि बाग टँकरच्या पाण्यावर होती. मांडवात कुणी कशाचाही विषय काढला तरी ते झाडांवरच येत. पाऊस पडेपर्यंत ती तगली पाहिजेत, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

आइस्क्रीमवाला परतूरचा. लाकडी पिंप, आत दुधाचा डबा, मधल्या जागेत फोडलेला बर्फ आणि खडेमीठ. वरचा दांडा फिरवत राहायचा. नुसत्या बर्फाने दूध गार होते, गोठत नाही; मीठ पडले की बर्फ आणखी थंड होतो. फ्रीज येण्याच्या आधी जगभर जवळपास हीच रीत होती. मोगलांच्या दरबारात सोरा नावाच्या क्षाराने पाणी गार करत. युरोपातल्या राजवाड्यांत बर्फात मीठ कालवून साय गोठवत. दांडा फिरवायचे भांडे एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या एका बाईने काढले. हे सगळे मी नंतर वाचले. दूध, साखर आणि राजे यांच्याबद्दल बरेच लिहिलेले आहे. पिंपात उरलेले पाणी कुठे ओतत, ते सापडले नाही.

पहिला पॉट संपला तेव्हा आइस्क्रीमवाला पंगतीत वाढत होता. सालगड्याने थोरल्या मामांना विचारले, पिंपातले पाणी कुठे टाकू.

"टाकतो कशाला? धाकट्याच्या झाडायला घाल. टँकरवर जगून राह्यली ती."

हे त्यांनी मोठ्याने म्हटले, भावाला ऐकू जाईल असे. धाकट्या मामांनी मान हलवली. नवरदेवाकडचा एक जण म्हणाला, आता मोसंबीला केशर-पिस्त्याचा वास येणार. लोक हसले. धाकटे मामाही हसले. सालगड्याने बांधालगतच्या ओळीतल्या प्रत्येक आळ्यात पाणी ओतले. दुसऱ्या पॉटचेही तिथेच गेले.

जेवण झाल्यावर धाकटे मामा झाडे बघायला गेले. आळ्यांच्या कडेला पांढरे खडे पडलेले होते. त्यांनी एक उचलून जिभेवर ठेवला आणि थुंकले. परत आले ते सरळ पॉटांकडे. दांडा काढून झाकणावर ठेवलेला होता.

"दादा, मीठ घातलं तुम्ही माझ्या झाडायला."

थोरले मामा म्हणाले, "पाणी दिलं म्या तुला."

त्यावर पहिला घाव. दुसऱ्या घावानंतर नवरदेवाकडच्या पोरांनी धाकट्या मामांना खाली पाडले आणि खुर्च्यांनी मारले. खुर्च्या मोडल्यावर लाथांनी. आई मध्ये गेली तर तिला ढकलून दिले. तिचे डोके मांडवाच्या खांबावर आपटले. धाकट्या मामांच्या दोन बरगड्या तुटल्या. एक पॉट आडवा झाला. आइस्क्रीम आणि रक्त एकाच सतरंजीवर होते.

थोरल्या मामांचा गाल फाटला होता. रक्त थांबवायला कुणीतरी पिंपातला बर्फ मूठभर उचलून जखमेवर दाबला. ते ओरडले. बर्फ तोंडात गेला तसा थुंकून त्यांनी धड हाताने पोरांना थांबायची खूण केली. नीट बोलता येत नव्हते, पण मी शेजारी होतो.

"खारं हाय रे. सोडा त्याला."

तोवर पोरे थकून आपणच थांबली होती.

धाकट्या मामांना दवाखान्यातून अटक झाली. दांडा पोलिसांनी जप्त केला. आइस्क्रीमवाला तो मागायला दोनदा ठाण्यात येऊन गेला. थोरल्या मामांचा जबडा तारेने बांधला. जालन्याच्या दवाखान्यात त्यांनी धड हाताने पाटीवर लिहून मला सांगितले: गोड्या पाण्याचा टँकर पाठव, मुळांतलं मीठ धुऊन जाईल.

टँकरबरोबर मी गेलो. धाकटी मामी बांधावर उभी होती. कुणी पाठवला, ते मी सांगितले. तिने तोटीखाली ओंजळ धरली, पाणी चाखले आणि पुन्हा एकदा चाखले. पाणी गोडे होते. मग तिने ड्रायव्हरला बाजूला सारून मागची झडप पूर्ण उघडली आणि टँकर रिकामा होईपर्यंत तिथेच उभी राहिली. पाणी गाडीवाटेवरून खाली नाल्याकडे गेले.

बांधालगतची ओळ पावसाच्या आधी वाळली.