खर्जातला माणूस

इमामचाचांचं सामान मुंबईहून दौंडला आलं ते भाजीच्या रिकाम्या टेम्पोतून. वर कॉट, पंखा, ट्रंका, आणि तळाला गोधड्यांत गुंडाळलेलं, माणसापेक्षा लांब काहीतरी. चौघांनी मिळून ते उतरवलं तशी शेजारच्या झुंबरबाई पदर सावरत पुढं आल्या आन् हळू आवाजात म्हणाल्या, "कोण गेलं वो?"

"कुणी न्हाई गेलं, झुंबरबाई. बास हाय. वाद्य."

"एवढं?" झुंबरबाईंनी गोधडी उचलून बघितली. "ह्ये तर सारंगीचा आज्जा दिसतंय."

चाचा हसले. हसीनाचाची हसल्या नाहीत. त्यांनी आयुष्यभर या आज्ज्यासाठी घरातला एक कोपरा सोडला होता, आणि दौंडचं घर मुंबईच्या खोलीहून फार मोठं नव्हतं.

चाचा मूळचे दौंडचेच. वडील रेल्वेत फिटर. रेल्वेच्या लोकांचा एक जुना हॉल होता, तिथं नाचगाण्याच्या रात्री संपून गेल्या होत्या आणि एक बास भिंतीला टेकून धूळ खात होता. डिकोस्टा नावाचे गार्ड तो अधूनमधून वाजवायचे. पोरसवदा इमामनं एकदा जाड तारेला बोट लावलं आणि तो सूर कानांआधी पोटात शिरला. डिकोस्टांनी ड्युटीतून सवड काढून त्याला शिकवलं, आणि पुढं चिठ्ठी देऊन मुंबईच्या एका हॉटेलातल्या बँडकडं धाडलं.

तिथं जाझ. पियानोवाला कुठं जाईल त्याचा नेम नाही, ट्रंपेटवाला त्याहून बेभान, आणि या सगळ्यांच्या पायाखाली चाचांची बोटं चालायची, एकेक ठोका टाकत, वाट बांधत. कागद नाही, काही नाही. पुढं हॉटेलांनी बँड बंद केले. मग चाचा गज धरायला शिकले आणि पाश्चात्त्य शास्त्रीय वाद्यवृंदात बसू लागले. तिथं सगळं कागदावर. बासवाल्यांची रांग एका जुवाला जुंपल्यासारखी चालायची. जाड तार उशिरा बोलते, म्हणून गज केसभर आधी टेकवायचा, म्हंजी सूर बरोबर वेळेवर पोचतो. हॉटेलवाले जुने सोबती म्हणायचे, "इमाम आता साहेब झाला." वाद्यवृंदातले म्हणायचे, "इमामभाई, मान हलवू नका, हे हॉटेल नाही." दोन्हीकडं काम मात्र एकच. मागं उभं राहायचं, बूड सांभाळायचं, आणि लय पळू द्यायची नाही.

मग बोलावणी कमी झाली, थांबली. चाची म्हणाल्या, आता गावाकडं चला. आले.

दौंडात चाचा रोज सकाळी वाजवायचे. एकटेच. चाची भाकरी थापता थापता ऐकायच्या. एक दिवस म्हणाल्या, "सकाळधरनं नुसतं धुम धुम चाललंय. गाणं कवा सुरू व्हणार?"

गाणं दुसऱ्यांकडं असतं. चौघं जमल्याशिवाय बास म्हंजी नुसतं जोतं, वर घर नाही. त्यात डाव्या हाताची करंगळी वाकायला लागली होती. डॉक्टर म्हणाले, वय आहे. चाचांना एकच पाहिजे होतं: हे बोट पुरतं वाकायच्या आत एकदा माणसांत बसून वाजवायचं.

त्यांच्या बहिणीचा मुलगा अक्रम शिरूरला राहायचा. दिवसा कंपनीत शिफ्ट, एरवी कव्वालीची पार्टी. जवळच्या निमोणे गावच्या उरसात त्याचा कार्यक्रम ठरला होता. चाचांनी फोन करून स्वतःच विचारलं, "मला घेतोस का?"

"मामू, इचारता काय? या की."

सुट्टीच्या दिवशी शिरूरला अक्रमच्या पत्र्याच्या खोलीत तालीम बसली. पेटी, ढोलक, टाळ्या द्यायला दोघं-तिघं. चाचा पाठीमागं उभे राहिले. पहिला सूर घुमला तसे पत्रे थरथरले, आणि ढोलकवाला पप्पू खूश होऊन म्हणाला, "चाचा, पोटात भूक लागल्यावानी व्हतंय."

पण कव्वाली रंगात आली तसं काहीतरी अडायला लागलं. टाळ्या वेग घेत होत्या, ढोलक वेग घेत होती, चाचांचं बोट मात्र होतं तिथंच पडत होतं. घट्ट. शेवटी अक्रमनं हात वर करून थांबवलं.

पप्पू म्हणाला, "चाचा, हँडब्रेक वढून गाडी चालवताय व्हय?"

"तुम्ही पळताय कशाला?" चाचा जरा चिडले.

"पळत न्हाई मामू," अक्रम म्हणाला, "चढतोय. कव्वाली चढलीच पायजे. न्हाई तर लोक उठून जातील."

पुन्हा धरलं. पुन्हा तेच. चाचांना कळत होतं, हाताला कळत नव्हतं. उभ्या आयुष्यात लय धरून ठेवायचाच पगार घेतलेला हात, तो असा कसा सोडणार?

चहा झाल्यावर अक्रम खाली बघत म्हणाला, "मामू, उरसात तुम्ही फुडं बसा. मानानं. शाल घालतो."

"शाल नको. मला मागं बसव."

"पण वाजवणार काय?"

चाचांनी गज काढला. एकच सूर धरला, अक्रमच्या षड्जाचा खर्ज, आणि ओढतच राहिले. "ठोका तुमचा. चढा किती चढायचं ते. मी ह्याच्यातनं हलत न्हाई."

उरसाला दिवेलागणीला कव्वाली सुरू झाली. चाचा पार मागं, कनातीला पाठ लावून उंच स्टुलावर टेकलेले. अक्रमचा सूर सुट्या तारेवर नव्हता, तार दाबूनच धरावा लागायचा, आणि जुन्या सवयीनं तिथं करंगळीच पडायची. तार त्या सुरावर उतरवून घेता आली असती, पण असल्या सोयी त्यांनी कधी घेतल्या नव्हत्या. पुढं कव्वाली चढत गेली. टाळ्या, ढोलक, अक्रमची तान, सगळं त्यांच्या सुरावरनं वर निघालं. कुणाचं लक्ष त्यांच्याकडं नव्हतं, आणि तेच त्यांना ओळखीचं वाटत होतं.

मधेच करंगळीनं दगा दिला. तार सुटली, सूर तुटला. ढोलक चालूच होती, लोक डोलतच होते. पण अक्रमनं गाता गाता गर्रकन मागं वळून बघितलं, पायाखालची पायरी हुकल्यासारखं. चाचांनी करंगळी सोडून मधलं बोट दाबलं, गज टेकवला. सूर आला. अक्रम पुढं वळला आणि त्यानं पुढची ओळ अशी उचलली की बायकांच्या बाजूनंही दाद आली.

परतीच्या टेम्पोत चाचींनी त्यांचं सुजलेलं बोट मांडीवर घेऊन चोळायला सुरुवात केली.

"झालं का आता मन भरून?"

चाचांनी ते बोट मांडीवरच एकदा वाकवून बघितलं.

"न्हाई," ते म्हणाले, आणि पुढच्या सीटवर बसलेल्या अक्रमला विचारलं, "फुडला उरूस कुठं हाय रं?"