पाय थांबला की हात थांबतो

धान कांडून झालं की तांदूळ लोक घेऊन जातात, कोंडा आपल्याच दारात राहतो. किस्स्यांचं तसंच आहे. माझ्या दारात वाजवणाऱ्यांचा कोंडा साचला आहे. मला अक्षर येत नाही, सून लिहून राहिली. माझी बोली तिनं जराशी धुऊन घेतली, तिला माफ करा.

तर तिरोड्याच्या पुढं एका खेड्यात दामा नावाचा पेटीवाला राहत होता. नाटकात पायपेटी वाजवायचा. त्याची बायको गया, ती मी. आमचा पोरगा मिलिंद, ठेकेदाराकडे वेल्डर. आन् मिलिंदची एकच पोरगी, उत्पला. ती आज मुंबईत पियानो वाजवते. पण तिच्या पायाची काळजी मला ती पाच वर्षांची होती तेव्हापासून आहे.

पायपेटीला खाली दोन फळ्या असतात. त्या पायानं दाबत राहायच्या, मग भात्यात हवा भरते. पाय थांबला की सूर मेला. पोरीचा पाय फळीपर्यंत पोचत नव्हता. मग मी भुईवर बसून हातानं फळ्या दाबायची, ती वर पट्ट्या दाबायची. पेटीचा एक पाय आखूड, सारखी डगडग हलायची. पोरीच्या अंगावर पडते की काय, म्हणून माझा अर्धा जीव त्या पायात.

"अजी, हात भरून आले माझे," मी म्हणायची.

बुढा, म्हणजे दामा, तंबाखू मळत म्हणायचा, "मंग थांब. पण पोरगी रडल त तूच समजाव."

*

आमच्या नाटकात एक रीत आहे. नट वाक्य विसरला की पेटीवाल्यानं वाजवत राहायचं, त्याला आठवेपर्यंत. काय वाजवायचं ते कोणी सांगत नाही.

एकदा चोरखमाऱ्याकडच्या गावात दुपारची तालीम होती. हिरोला बाण लागलेला, आता मरायचं. तेवढ्यात कोणी सांगत आलं, कालव्याचं पाणी सुटलं. हिरो बाणासकट बांधीकडे पळाला, धानाला पाणी लावायला! पेटीवर उत्पला, वय अकरा. बुढ्यानं तिला खूण केली, वाजव. ती वाजवत राहिली. उन्हं उतरली तरी वाजवत राहिली. मला एकच काळजी, पोरीचे पाय सुजतील.

हिरो गुडघाभर चिखलात परत आला. बुढा शांतपणे म्हणाला, "लागलं पाणी बांधीले? मंग ये आता, मरून घे."

*

नागपूरच्या स्पर्धेत तिनं पहिल्यांदा पियानो पाहिला. वाजवायला बसली आन् पायाखालची कळ धबाधबा दाबू लागली. सगळे सूर एकमेकांत कालवले, पिठलं झालं. परीक्षक उठून पियानोच्या खाली वाकले.

"पायाला काय झालं, बेटा?"

"काही नाही सर, हवा भरून राहिली."

सगळा हॉल हसला. परतताना पोरगी डबा उघडेना. शेवटी म्हणाली, "आजी, त्या बाजाले हवा लागतच नाही."

मी म्हटलं, "मंग जीव कोठून येते त्याच्यात?"

*

मग ती नागपूरला पियानो शिकायला राहिली. तिथल्या सरांनी तिच्या पायावर उपाय काढला. ओढणीनं तिचा पाय खुर्चीला बांधला. पाय थांबला तसे हातही थांबले. दोन दिवस हेच. तिसऱ्या दिवशी सरांनी ओढणी सोडली आन् म्हणाले, "तुझ्यासाठी एकच वाजवणं आहे. जॅझ."

तिनं मला फोन केला. मी घाबरली. "हे का होय व? चांगल्या घरचं आहे ना?"

"आजी, हिरो विसरला की आबा वाजवे ना, तेच. इथं फक्त हिरो येतच नाही."

*

मग मुंबईच्या हॉटेलात वाजवू लागली. व्हिडिओवर पाहिलं तर माणसं जेवून राहिली, हिच्याकडं कोणाची मान वळत नाही. मी म्हटलं, "पोरी, कोणी ऐकून नाही राहिलं."

"घास पाहा आजी. घास थांबला की समजायचं, ऐकलं."

तेव्हापासून मी एका टकल्या माणसाच्या चमच्यावर डोळा ठेवून बसली. माझा चहा थंड झाला, त्याचा चमचा काही थांबेना. शेवटी थांबला. त्याला ठसका लागला होता.

*

यंदा गाण्यांच्या एका कंपनीनं तिच्या दहा वर्षांच्या वाजवण्यातलं निवडक एकत्र काढायचं ठरवलं. सगळं जमलं आन् तिथला आवाज तपासणारा म्हणाला, "प्रत्येक तुकड्यात पायाची धबधब आहे. ही काढावी लागेल, नाहीतर संग्रह राहू द्या." काढून पाहिली, तर वाजवणं मेल्यासारखं वाटे. काम अडकलं, पोरगी घरी आली.

मिलिंदनं शाळेतल्या संगीत मास्तरणीच्या नोकरीचा फॉर्म तिच्यापुढं आणून ठेवला. शेवटची तारीख आठ दिवसांवर. "बाबा म्हणून सांगून राहिलो. दहा वर्षं झाली. हे नाही निघालं त सही कर."

पोरगी घरी आली. उठून पेटीजवळ जाऊन बसली. बुढा जाऊन तीन वर्षं झाली, पायपेटी कोपऱ्यात. फळ्यांचे पट्टे उंदरांनी खाल्लेले. मी पदर खोचून खाली बसली. हातानं भाता दाबू लागली. तिनं फोनवर रेकॉर्डिंग सुरू करून तो वर ठेवला आन् वाजवू लागली. पेटी डगडग हलून राहिली, भाता फुटका, माझा दम पुरेना. मधेच हात गळाले. सूर खाली खाली गेला आन् मेला.

मी दम घेतला. तोंडातून निघालं, "लागलं पाणी बांधीले?"

पोरगी हसली. मी पुन्हा दाबलं, तिनं पुन्हा धरलं.

तिनं तेच कंपनीला पाठवलं, धबधब काढू नका म्हणून. सात दिवस फोन नाही. मिलिंद रोज फॉर्मवर पेन ठेवून कामावर जाई. आठव्या दिवशी सकाळी फोन आला. आवाजवाला विचारून राहिला, "धबधब राहू देतो, पहिला तुकडा हाच ठेवतो. पण भात्यावर कोण आहे? नाव छापायचं आहे."

संग्रह निघाला. पुण्याहून, गोव्याहून तिला बोलावणी आली. मिलिंदनं पाकिटावरचं मला वाचून दाखवलं, "पियानो, उत्पला. भाता, गया." दोनदा वाचलं. मग फॉर्म घेतला, चार घड्या घातल्या, वाकला आन् पायपेटीच्या आखूड पायाखाली सारला.

हलवून पाहिली. हलली नाही.