बदामाखालचं लॉन

सोसायटीचे सेक्रेटरी मेहता यांनी लॉनचं एक टोक धरलं आणि चटई गुंडाळावी तसं उचललं. पाती हिरवीगार, पण खालच्या मातीत एकही मूळ शिरलेलं नव्हतं.

"बघा मॅडम! तीन आठवडे झाले कार्पेट टाकून. तुमच्या गावडेने पाणीच नाही घातलं. या महिन्यानंतर त्याला बंद करतो."

गावडे बाजूला उभे होते. "पाणी रोज घातलंय मॅडम, देवाशप्पथ," एवढंच म्हणाले.

'तुमच्या गावडेने' हे मेहता उगाच म्हणाले नव्हते. मुलुंडला आमचे टॉवर आहेत तिथे पूर्वी तणनाशकांच्या कंपनीची लॅब होती. मी रिसर्चला, गावडे टेस्ट प्लॉटवर फील्ड असिस्टंट. कंपनी गेली, टॉवर आले. मी हट्टाने इथेच फ्लॅट घेतला आणि गावडेंना माळ्याचं काम मिळवून दिलं. जुन्यापैकी आता फक्त कंपाउंडजवळचं बदामाचं झाड उरलंय. त्याखाली आम्ही डबे खायचो. गावडेंच्या डब्यातला, वहिनींनी तळलेला बांगडा आधी माझ्या पानात पडायचा आणि माझी गवार तशीच घरी परत जायची. ते दिवस आठवले की अजून गलबलून येतं.

नवं लॉन नेमकं त्या बदामाखालचंच धरत नव्हतं. बाकीचं झकास होतं.

"मेहता, आठ दिवस द्या मला."

"घ्या. पण माझ्या हिशेबात माळीच चुकलाय."

आमचे मोठे साहेब म्हणायचे, पान शेवटपर्यंत हसत राहतं, खरं काय ते मुळाला विचारा. मी गवताची मुळं धुऊन भिंगाखाली धरली. टोकं सुजलेली, आखूड, मुगाच्या दाण्यासारखी गोल. पाणी कमी पडलेलं मूळ असं दिसत नाही.

हे दुखणं मला पाठ होतं. गवताच्या प्रत्येक पेशीभोवती एक भिंत असते, सेल्युलोजच्या धाग्यांनी विणलेली. मूळ वाढतं तेव्हा रोज नव्या भिंती विणाव्या लागतात. काही तणनाशकं हे विणकामच बंद पाडतात. मग आतल्या पाण्याच्या दाबाने पेशी लांब व्हायची सोडून फुगते, टायरशिवाय हवा भरलेल्या सायकलच्या ट्यूबसारखी. जुन्या पात्यांच्या भिंती आधीच बांधून झालेल्या असतात, म्हणून वरून सगळं हिरवं.

असलंच औषध दीड महिन्यापूर्वी मीच आणलं होतं. पेव्हर ब्लॉकच्या फटींतल्या तणासाठी. "मी मारतंय मॅडम," असं गावडे म्हणत असताना हौसेने पंप पाठीला लावून फवारलंही मीच. पण ते गेटजवळ. बदाम तिथून पार दुसऱ्या टोकाला.

खात्रीसाठी जुनीच युक्ती केली. नाचणीही गवताच्याच घराण्यातली. गावडेंनी घरून मूठभर आणली. एका कपात बदामाखालची माती, दुसऱ्यात मागच्या अंगणातली. आठवड्याने दुसऱ्या कपात पांढरीशुभ्र, लांब मुळं. पहिल्यात तीच सुजलेली टोकं.

म्हणजे औषध बदामाखाली पोचलं होतं. ते इतकं जहाल असतं की पंपाचं धुवणसुद्धा पुरतं. मी जरा चढ्या आवाजातच विचारलं, "गावडे, त्या दिवशी पंप कुठे धुतलात?"

ते खाली बघायला लागले. "माज्याकडे पंप इलो तेव्हा धुतलेलोच होतो, मॅडम."

आणि मला कंपनीतली शिस्त आठवली. फवारणी झाली की पंप घेऊन बदामाखाली जायचं, तीनदा खळखळून धुवायचा. तिथे काही उगवायचं नव्हतंच, म्हणून कंपनीने ती जागा नेमून दिली होती. बुंध्याला पत्र्याची पाटी होती : 'पंप येथेच धुवावेत.' नोकरीभर मी तेच केलं. त्या दिवशीही पाय आपसूक तिकडे गेले होते.

"तुम्ही बघितलंत?"

"मी थंयच होतंय."

"मग बोलला का नाहीत? नोकरी जात होती ना तुमची!"

"तुमका चूक कशी सांगूची, मॅडम? तुमीच माका काम शिकवलास."

मला रडूच आलं. ज्याला वाचवायला निघाले होते, तो मला वाचवत बसला होता. आणि मी त्याच्यावरच आवाज चढवला होता.

त्याच संध्याकाळी दोन्ही कप घेऊन मी मेहतांकडे गेले. "माळी नाही, मी चुकले."

मेहतांनी कप उलटसुलट करून पाहिले. "तुम्ही? तुम्ही तर एक्स्पर्ट ना?"

"म्हणूनच."

गावडेंना ते दुसऱ्या दिवशी स्वतः 'सॉरी' म्हणाले. आम्ही दोघांनी वरची वीतभर माती काढली, औषध शोषणारी कोळशाची भुकटी कालवली, नवी माती भरली. पुन्हा नाचणी पेरून पाहिली, मगच गवत लावलं. आता लॉन धरलंय. सकाळी चालायला गेले की मी एक टोक हलकेच ओढून बघते. निघत नाही.

धडा म्हणाल तर साधा आहे. पंप धुण्याआधी पायाखाली बघावं. कंपनी बंद पडली, ती पाटी केव्हाच भंगारात गेली. मी मात्र अजून तिचंच ऐकत होते.