पांढरी टेप

"यार, बाल्टी धुलाईवाली से माँग ले न."

हँगरच्या पत्र्यामागून हे ऐकू आलं. बोलणाऱ्याला मी दिसत नव्हते. मी नळापाशी उकिडवी बसून फडकी पिळत होते. माझं नाव त्याला ठाऊक होतं, हजेरीच्या वहीत तो माझ्याच खालच्या ओळीत सही करायचा. तरीही धुलाईवाली. वाईट वाटायला हवं होतं, पण खरं सांगायचं तर मला जरा बरंच वाटलं. धुलाईवालीशी कुणी गप्पा मारायला येत नाही.

बादली कशाला हवी होती ते मला माहीत होतं. आमच्या फ्लाइंग क्लबात कुणी पहिल्यांदा एकट्याने विमान उडवून उतरलं, की खाली पाय ठेवताच त्याच्या डोक्यावर बादलीभर पाणी ओततात. त्या सकाळी ग्वाल्हेरच्या एका मुलाची पाळी होती. इतके दिवस त्याच्या शेजारी बसून शिकवणारे कॅप्टन सर आज हातात वॉकीटॉकी घेऊन खाली उभे राहणार होते. पत्र्यामागचे दोघं त्याचे मित्र होते. फोटो कुणी काढायचा यावरून त्यांचं चाललं होतं.

फोटो निघणार म्हणूनच ते विमान मी पहाटे धुतलं होतं.

हे धुण्याचं काम सुरू कसं झालं ते आधी सांगते. आम्ही मराठी, पण राहतो इथे हिंदी मुलखात, अवधपुरी नावाच्या वस्तीत. बाबा कारखान्यात इंजिनियर. बारावीनंतर मला विमान उडवायला शिकायचं आहे हे मी घरात तोंडाने सांगितलंच नाही, चिठ्ठी लिहून फ्रिजवर लावली. बाबांनी ती दोन दिवस तिथेच राहू दिली. मग जेवताना म्हणाले, "प्रवेशाचं मी बघतो. पुढच्या उड्डाणाच्या तासांचे पैसे तुझे तू बघ." त्यांना वाटलं असणार की मी तिथेच थांबेन.

क्लबातली छोटी विमानं कायम मळलेली असत. पोटाखाली इंजिनाची काजळी, पंखांच्या पुढच्या कडेला तलावावरून येताना चिकटलेल्या किड्यांची सुकलेली रांग. वर्षातून एखाद्या वेळी कुणीतरी पाइप मारायचं. मी क्लबाच्या ग्रुपवर इंग्रजीत मेसेज लिहिला, की मी विमानं धुऊन देईन, मोबदल्यात मला उड्डाणाची वेळ द्या. तीनदा लिहून पुसला. चौथ्यांदा पाठवला आणि फोन उशीखाली ठेवून दिला. सकाळी कॅप्टन सरांचा अंगठा आलेला होता. एवढ्यावर माझा धंदा सुरू झाला. नंतर बाहेरून येणाऱ्या दोन खाजगी विमानांचे मालकही मला बोलावू लागले. एक विमान धुतलं की हवेतली काही मिनिटं माझी व्हायची, आणि त्या मिनिटांतही मी घाबरलेलीच असायची. रेडिओवर माझा आवाज निघत नसे. सर हेडफोनमधून ओरडायचे, "ज़ोर से बोलो बेटा, टावर में आदमी बैठा है, चींटी नहीं."

धुण्याची पद्धत मला काकांनी शिकवली. काका म्हणजे क्लबचे मेकॅनिक. त्यांचं कुटुंब तीन पिढ्यांपूर्वी महाराष्ट्रातून इकडे आलेलं, त्यामुळे त्यांच्या मराठीत निम्मं हिंदी. साबण कोणता, काचेला हात कसा लावायचा, पाण्याचा जोर कुठे वर्ज्य, सगळं त्यांनी दाखवलं. पहिल्याच दिवशी माझं बोट धरून विमानाच्या नाकाशेजारी डाव्या बाजूला टेकवलं. तिथे शर्टाच्या बटणाएवढी चकती होती आणि तिच्यात सुईने पाडल्यासारखं छिद्र.

"ह्यातून तो श्वास घेतो," काका म्हणाले. "बाहेरचा दाब इथून आत जातो, तेव्हा त्याला समजतं की मी किती उंच आहे, किती वेगात आहे. इथे पाणी गेलं की काटे झूठ बोलतात. म्हणून धुण्याआधी टेप लाव. आणि धुतल्यावर टेप काढली नाहीस तरी काटे झूठच बोलणार. समझी?"

मी मान हलवली. अशी टेप तीन ठिकाणी लावावी लागे, एक नाकाशेजारी, दोन पंखांपाशी. मी लाल टेप वापरायची. काढलेली प्रत्येक पट्टी बादलीच्या काठाला चिकटवायची. काठावर तीन लाल पट्ट्या दिसल्या की काम संपलं. माझ्यासारख्या स्वतःवर विश्वास नसलेल्या माणसाला ही पद्धत बरी होती. आठवायचं काही नाही, फक्त बघायचं.

मग उन्हाळा आला. तापलेल्या पत्र्यावर लाल टेपचा रंग आणि डिंक उतरायला लागला. काका एका सकाळी नाकावरचा तांबूस डाग अंगठ्याने घासत सगळ्यांसमोर म्हणाले, "अगं, विमान धुतलंस की त्याची पूजा केलीस? कुंकू कशाला लावलंय?" सगळे हसले. काकाही हसले, ते चांगलेच आहेत. मग म्हणाले, "दुसरी टेप आण. पांढरी आण, पांढऱ्यावर पांढरी. दिसायला नको."

दिसायला हवी म्हणून तर लाल, हे वाक्य माझ्या तोंडात पूर्ण तयार होतं. शब्द न् शब्द आठवतो. मी म्हणाले, "हो काका." त्याच दिवशी जवाहर चौकातून पांढऱ्या टेपची दोन रिळं आणली.

बादलीही पांढरीच होती. तेव्हा हे माझ्या लक्षात आलं नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. लक्षात आलं होतं. मी पट्ट्या नखाने चाचपून मोजायला लागले.

त्या पहाटे विमान धुऊन पुसत आणलं होतं, पंखांपाशी पोचले होते, तेवढ्यात ग्वाल्हेरचा मुलगा आला. वेळेच्या कितीतरी आधी. झोपला नसावा. हातात तपासणीचा कागद होता आणि तो कागद थरथरत होता. "गुड मॉर्निंग," तो म्हणाला. "डर लग रहा है यार. तुम्हें भी लगता है?" मला विचारणारा तो पहिलाच. मी हसल्यासारखं काहीतरी केलं. तो विमानाच्या डाव्या बाजूला, दाराला टेकून उभा राहिला. त्याच्याजवळून नाकाकडे जायला नको म्हणून मी मागून वळसा घालून उजवीकडे गेले, ती बाजू पुन्हा एकदा पुसली, बादली उचलली आणि नळाकडे आले. तो निघून गेला की डावी बाजू बघू, असं ठरवलं होतं. मग सर आले, काका आले, मित्र आले. आणि मी फडकी पिळत बसले.

आता धुलाईवालीकडे बादली मागायची होती.

दोघांपैकी एकजण पत्र्याला वळसा घालून आला. मला बघून ओशाळला. "वो… बाल्टी मिलेगी?" मी मान हलवली आणि बादली विसळायला घेतली. विसळताना सवयीने काठावरून नख फिरवलं.

एक. दोन.

पुन्हा फिरवलं. काठ गोल असतो, फिरत राहिलं की संपत नाही. एक. दोन. मी बाही बघितली, चपलेचा तळ बघितला, फडकी उलटी केली. नळाखालच्या चिखलात हात घातला. तो मुलगा म्हणाला, "रहने दो, साफ़ ही है."

तेवढ्यात हँगरपलीकडे मघापासून घरघरणाऱ्या इंजिनाचा आवाज लांब जायला लागला.

पंखांपाशीच्या दोन्ही मी काढल्या होत्या, ते हातांना आठवत होतं. राहिली होती नाकाशेजारची. विमान वर जाईल आणि उंचीचा काटा जमिनीवरच थांबून राहील. वेगाचा काटा खोटं सांगेल. सर शेजारी असते तर काच ठोकून म्हणाले असते, छोड़ो इसको, बाहर देखो. पण शेजारी कुणी नव्हतं. ज्याचा कागद जमिनीवरच थरथरत होता तो मुलगा एकटा होता.

मी पळाले. बादली हातातच राहिली. पळताना डोक्यात काय होतं ते लिहायला लाज वाटते, पण लिहिते. वाऱ्याने टेप आपोआप उडेल. कदाचित ती नाहीच तिथे, मीच कधीतरी फेकली असेन. सांगितलं आणि काहीच निघालं नाही, तर त्याचा दिवस मी खराब केला असं होईल. सांगितलं आणि निघालं, तर माझं धुणं बंद, आणि धुणं बंद म्हणजे उडणं बंद. बाबा काही बोलणार नाहीत. नुसते पेपरची घडी घालतील.

कॅप्टन सर धावपट्टीकडे तोंड करून उभे होते. विमान लांब गेलं होतं, धावपट्टीच्या तोंडाशी थांबून परवानगीची वाट बघत होतं. मी सरांच्या मागे जाऊन उभी राहिले. "सर." इंजिनाच्या आवाजात ते माझं मलाही ऐकू आलं नाही. "सर."

ते न वळताच म्हणाले, "बाल्टी उधर रखो बेटा, अभी तो उड़ा भी नहीं."

वॉकीटॉकीतून त्या मुलाचा आवाज आला. तो उड्डाणाची परवानगी मागत होता. आवाज स्पष्ट होता, माझ्यापेक्षा कितीतरी चांगला. त्या आवाजानेच मला काहीतरी झालं. मी बादली सरांच्या पायाशी आपटली. ते दचकून वळले आणि मी ओरडले, "टेप! नाक पे टेप है!"

एवढंच आलं. त्यांना तेवढंच पुरलं. त्यांचा चेहरा बदललेला मला दिसला, आणि वॉकीटॉकी तोंडाशी गेला. थांब, जागचा हलू नको, इंजिन बंद कर. ते टॉवरला काय बोलले ते मला समजलं नाही. मी बादलीच्या काठाला धरून खाली बसले होते. दूरवर विमानाच्या नाकावरचा फिरता पंखा हळूहळू दिसायला लागला आणि थांबला.

तिथपर्यंत आम्ही जीपमधून गेलो. सर पुढे, मी आणि काका मागे. वाटेत काका एकदाच बोलले, "नक्की?" मी म्हणाले, "दोनच आहेत." मग ते बाहेर बघत राहिले.

टेप होती. नाकाशेजारी, अगदी व्यवस्थित, चारी कोपरे घट्ट. मी टेप फार नीट लावते. हातभर अंतरावरूनही ती दिसत नव्हती, सूर्य तिकडूनच येत होता. काकांनी नखाने ती सोलली. त्यांचं नख दोनदा सटकलं. मुलगा दार उघडून खाली उतरला होता आणि पुन्हा पुन्हा म्हणत होता, "सर, मैंने चेक किया था. हाथ लगाया था सर, सच में." त्याचे ओठ पांढरे पडले होते.

सरांनी त्याला जीपमध्ये बसायला सांगितलं. मग माझ्याकडे वळले. "तुमने लगाया था?"

"जी."

"पहले तो लाल लगाती थीं न? मैंने देखा है. सफ़ेद क्यों?"

काका हातातल्या पट्टीची बारीक गोळी करत होते. त्यांच्याकडे न बघण्यासाठी मी चाकाकडे बघत राहिले. मग सर म्हणाले, "ये धुलाई रहेगी या नहीं, शाम को ऑफ़िस में बात करेंगे," आणि जीपकडे चालू लागले.

मी आणि काका विमानापाशी राहिलो. ते धरून हँगरपर्यंत ढकलत न्यायचं होतं. काकांनी खिशातून रुमाल काढला, चकतीवर उरलेला डिंक पुसला, पुन्हा पुसला. मग खूप मऊ आवाजात म्हणाले, "होतं असं. मी सांगतो सरांना, काम नाही जाणार तुझं. तू फक्त उद्यापासून मोज नीट. तीन म्हणजे तीन. बस्स."

त्यांनी मला वाचवायचं ठरवलं होतं. मी फक्त मान हलवायची होती. संध्याकाळी ऑफिसात माझी बाजू घेणारं दुसरं कुणी नव्हतं, हे मला कळत होतं. विमान ढकलायला मी पंखाच्या आधाराचा दांडा घट्ट धरला.

"मोजीन काका," मी म्हणाले. "पण टेप लालच लावणार. डाग पडू देत. डाग मी घासून काढीन."